बिऱ्हाड हलले, पण घराची किल्ली कुणाच्या हाती?

बिऱ्हाड हलवणे ही कष्टकरी माणसाला नवी गोष्ट नाही. गावातून शहरात, भाड्याच्या खोलीतून चाळीत, चाळीतून संक्रमण शिबिरात आणि तेथून पुनर्विकासाच्या इमारतीत असा आपल्या कित्येक कुटुंबांचा प्रवास झालेला आहे. पूर्वी या प्रवासात सामान तरी किती असे? एक पत्र्याची पेटी, स्टोव्ह, पाण्याचे पिंप, गाद्यांची वळकटी, भांड्यांचे पोते आणि भिंतीवरची तसबीर. हातगाडीच्या दोन खेपांत सारे घर इकडचे तिकडे होई. नव्या जागी खिळा ठोकून तसबीर लावली आणि दिव्याचे बटण दाबले की घर लागले, असे समजावे.

आज तसे राहिलेले नाही. टेम्पोत चढणाऱ्या सामानात आता मोबाईलवरून बंद होणारा गिझर असतो, आवाज दिला की लागणारा दिवा असतो, दारावरचा कॅमेरा असतो आणि हाक मारली की गाणे लावणारा स्पीकरही असतो. यालाच 'स्मार्ट घर' म्हणतात. हा केवळ बंगलेवाल्यांचा थाट आहे असे समजण्याचे दिवस गेले. मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवाळीला बोनसमधून काही शे रुपयांचा स्मार्ट प्लग किंवा बल्ब घरी आणतो. आई एकटी असते म्हणून कॅमेरा लावतो. यात वावगे काही नाही. पण घर बदलायची वेळ आली की या वस्तूंचा खरा स्वभाव कळतो.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील घरांच्या चाव्या मिळाल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील या २०७ चाळी शंभर वर्षांपूर्वीच्या. त्यातील १६० चौरस फुटांच्या एका खोलीत तीन तीन पिढ्या वाढल्या. आता तीच माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात जात आहेत. इतर ठिकाणच्या पुनर्विकासातूनही अशीच हजारो कुटुंबे घर बदलीत आहेत. आम्ही व आमचे कार्यकर्ते मित्र अशा कुटुंबांचे करारनामे वाचून दाखवण्याचे, पत्ता बदलण्याचे अर्ज भरून देण्याचे काम करीत असतो. त्या निमित्ताने अनेक घरांत जाणे होते आणि एक प्रश्न आता वरचेवर कानी पडतो : "सामान सगळे आले, पण ते मोबाईलवरचे काही चालत नाही. काय करायचे?" त्याच प्रश्नाचे उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न आहे.

तीन दोऱ्यांनी बांधलेले घर

साधा बल्ब विजेवर चालतो. स्मार्ट वस्तूला मात्र तीन गोष्टी लागतात. पहिली वीज, दुसरी घरातील वाय-फाय आणि तिसरी म्हणजे कंपनीच्या ॲपवरील खाते. घर बदलले की पहिल्या दोन गोष्टी बदलतात. वीज नव्या मीटरची येते, वाय-फाय नवे येते. तिसरी गोष्ट, म्हणजे खाते, मात्र ज्याच्या मोबाईल नंबरावर उघडले त्याच्याचकडे राहते. वस्तू आपल्या भिंतीवर असते, पैसे आपण दिलेले असतात, पण हुकूम चालतो तो खातेदाराचा. म्हणूनच आमचे म्हणणे असे आहे की स्मार्ट घराची खरी किल्ली दाराला नसून खात्यात असते, आणि घर बदलण्याच्या वेळी ती किल्ली कुणाकडे आहे व कुणाकडे असावी हे घरातल्या सर्वांनी बसून ठरवले पाहिजे. बाकी सारे काम तासा-दोन तासांचे आहे.

निघण्यापूर्वी : एक वही करा

आम्ही कारकुनी करणारी माणसे, त्यामुळे आमचा पहिला सल्ला वहीचाच. दुरेघी वही घ्यावी आणि पाच रकाने आखावेत : वस्तू कोणती, कोठे लावलेली होती, कोणत्या ॲपवर चालते, खाते कुणाच्या नंबरावर आहे आणि वस्तूवरचा कोड काय आहे. हा कोड फार महत्त्वाचा. कॅमेऱ्याच्या बुडाशी, प्लगच्या पाठीवर किंवा खोक्यावर तो छोटा चौकोनी क्यूआर कोड असतो. नवीन प्रकारच्या काही वस्तूंवर 'मॅटर' असे लिहिलेले आढळते. २०२२ साली आलेली ही अशी पद्धत आहे की तीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी जुळवून घेतात. अशा वस्तूवर ११ आकडी कोडही असतो. हा कोड हरवला तर चांगली वस्तू पुन्हा जोडता येणे कठीण होते. तेव्हा मोबाईलवर त्याचा फोटो काढावा आणि वहीतही उतरवून घ्यावा. ही वही टेम्पोत टाकू नये. रेशनकार्ड, करारनामा आणि शाळेचे दाखले ज्या पिशवीत असतात, त्याच पिशवीत ती आपल्या खांद्यावर असावी.

त्यानंतर वस्तूंचे दोन ढीग करावेत. काही आपल्याबरोबर येणार, काही जुन्या घरी राहणार किंवा कुणाला द्यायच्या. यासाठी एकच नियम ध्यानात ठेवावा : बरोबर न्यायचे ते पुसू नका आणि मागे ठेवायचे ते पुसल्याशिवाय सोडू नका. बरोबर येणाऱ्या वस्तूंची जुनी मांडणी तशीच राहिली तर नव्या घरी अर्धे काम आपोआप होते, ते कसे ते पुढे सांगतो. मागे राहणारी वस्तू मात्र आधी ॲपमधून आपल्या खात्यातून काढावी आणि मग वस्तूवरील बटण दाबून ती मूळ स्थितीला न्यावी. नुसते बटण दाबून भागत नाही. बरेच कॅमेरे पहिल्या मालकाच्या खात्याला बांधलेले असतात आणि खात्यातून सोडल्याशिवाय दुसऱ्याला ते जोडताच येत नाहीत. कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड आठवणीने काढून घ्यावे, कारण त्यात आपल्या घरातील महिनोन् महिन्यांचे चित्रण असू शकते. टीव्ही कुणाला देणार असाल तर त्यातील सर्व खात्यांतून बाहेर पडावे.

आणखी एक काम विसरू नये. गिझर, कूलर, मोटर यांना लावलेली वेळापत्रके ॲपमध्ये बंद करावीत. चाळीत पाण्याची वेळ पहाटेची, म्हणून अनेक घरांत गिझरही पहाटे पाचला लागेल असे ठरवलेले असते. नव्या घरी प्लग लावला, वाय-फाय मिळाले आणि टाकीचा गिझर अजून पाण्याने भरलेलाच नाही, अशा वेळी तो आपोआप लागला तर आतली कॉइल जळते. गिझर पाण्याने भरून, गरम पाण्याचा नळ उघडून धार सलग येते आहे याची खात्री झाल्यावरच त्याला वीज द्यावी.

मधल्या मुक्कामी थोडेच लावा

पुनर्विकासात बिऱ्हाड बहुधा दोनदा हलते. आधी संक्रमण शिबिर किंवा भाड्याची खोली आणि मग कायमचे घर. भाड्याची खोली असेल तर अकरा महिन्यांच्या करारानंतर पुन्हा हलावे लागण्याची शक्यता असते. अशा मुक्कामी भिंत फोडून, बोर्ड उघडून काही बसवू नये. होल्डरमध्ये फिरवून बसणारा बल्ब आणि सॉकेटमध्ये खोचायचा प्लग एवढ्यावरच भागवावे. जाताना दोन मिनिटांत काढता येतात, घरमालकाशी वाद होत नाही आणि अनामत रकमेतून कपात होत नाही. दाराचे कुलूप बदलायचे असल्यास मालकाची परवानगी लेखी घ्यावी. जुने कुलूप फेकू नये, पिशवीत घालून माळ्यावर ठेवावे. खोली सोडताना तेच परत बसवायचे असते.

भाड्याच्या खोलीत आधीच कुणीतरी लावलेला कॅमेरा किंवा आकडे दाबून उघडणारे कुलूप असेल तर पहिल्याच दिवशी मालकासमोर ते मूळ स्थितीला नेऊन आपल्या नावावर करून घ्यावे. तसे होत नसेल तर कॅमेरा काढून ठेवावा. आधीच्या भाडेकरूच्या मोबाईलवर आपले घर दिसत राहावे हे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नाही.

नव्या घरात : आधी वाय-फाय

कायमच्या घरात गेल्यावर लोक घाईघाईने दिवे आणि स्पीकर जोडू लागतात. क्रम उलटा हवा. आधी इंटरनेट, मग राऊटर, मग एक वस्तू चालवून पाहणे आणि त्यानंतर बाकीच्या. आपल्या भागातील केबलवाल्याचे इंटरनेट नव्या भागात मिळेलच असे नाही, म्हणून चौकशी निदान आठ-पंधरा दिवस आधी करावी.

राऊटर बसवणारा मुलगा आला की त्याला एकच गोष्ट सांगावी : "जुन्या वाय-फायचे नाव आणि जुना पासवर्ड जसाच्या तसा या नव्या राऊटरला द्या." इंग्रजीतील लहान-मोठी अक्षरेसुद्धा तीच हवीत. स्मार्ट वस्तू वाय-फाय ओळखते ती नाव आणि पासवर्डावरून. दोन्ही तेच मिळाले की बल्ब, प्लग आणि कॅमेरे आपण होऊन जोडले जातात. एकेक वस्तू नव्याने जोडत बसण्याचा सारा त्रास या एका वाक्याने वाचतो. जुना पासवर्ड साऱ्या चाळीला ठाऊक असेल तर मात्र तो बदलावा आणि वस्तू पुन्हा जोडण्याचे कष्ट घ्यावेत.

नाव-पासवर्ड तेच असूनही वस्तू जोडली जात नसेल तर कारण बहुधा पुढीलपैकी एक असते. स्वस्त स्मार्ट वस्तू २.४ गिगाहर्ट्झ या वाय-फायवरच चालतात, ५ वर चालत नाहीत. नवा राऊटर दोन्ही एकाच नावाने देत असेल तर काही वस्तू गोंधळतात. जोडणी होईपर्यंत ५ बंद ठेवण्यास सांगावे. दुसरे कारण सुरक्षेच्या प्रकाराचे. जुन्या वस्तूंना डब्ल्यूपीए-२ समजते, डब्ल्यूपीए-३ समजतेच असे नाही. एवढे दोन शब्द वहीत लिहून ठेवले तरी राऊटरवाल्याशी बोलताना आपली अडचण होत नाही. तरीही जोडणी झाली नाही तर वस्तू मूळ स्थितीला न्यावी. बहुतेक प्लगचे बटण काही सेकंद दाबून धरले की दिवा भराभर लुकलुकतो. बहुतेक बल्ब काही वेळा चालू-बंद केले की लुकलुकू लागतात. किती वेळा, ते त्या कंपनीच्या कागदावर लिहिलेले असते.

नव्या घराचा मोठा फरक भिंतींचा. एका खोलीच्या घरात राऊटर कोठेही ठेवला तरी चारही कोपऱ्यांत वाय-फाय पोचत असे. उंच इमारतींत अनेकदा आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. त्यातील लोखंडी सळ्या आणि काँक्रीट वाय-फायला अडवतात. हॉलमध्ये जोरात चालणारे नेट आतल्या खोलीत रेंगाळते ते यामुळे. राऊटर घराच्या मध्यावर, उंचावर आणि उघड्यावर ठेवावा. लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठीमागे कोंबू नये. शिवाय अशा इमारतीत वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सगळ्यांचेच राऊटर असतात आणि २.४ वर गर्दी होते. तेथे चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा लावून घ्यावा.

विजेचा हिशेब आधी, हौस नंतर

गिझरला कोणताही स्मार्ट प्लग लावून चालत नाही. हिशेब सोपा आहे. वॅटला २३० व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, तर ३००० वॅटचा सुमारे १३ अँपिअर. दहा अँपिअरचा प्लग टीव्ही, पंखा आणि चार्जर यांच्यासाठी आहे. गिझर व एसीसाठी १६ अँपिअरचाच प्लग आणि १६ अँपिअरचेच सॉकेट हवे. प्लग हाताला गरम लागला किंवा वास आला तर तत्काळ काढावा.

आता घर आपले झाले आहे, तर बल्बऐवजी बोर्डातच स्मार्ट स्विच बसवावा काय, असे अनेकजण विचारतात. आमच्या मते कायमच्या घरात तेच योग्य. स्मार्ट बल्बची एक खोड आहे. भिंतीवरील बटण कुणी बंद केले की बल्बची वीजच तुटते आणि मग मोबाईलवरून कितीही दाबले तरी तो लागत नाही. घरात आजी-आजोबा आणि मुले असली की बटण बंद होणारच, तो त्यांचा दोष नाही. बोर्डातील स्मार्ट स्विच भिंतीवरूनही चालतो आणि मोबाईलवरूनही. इंटरनेट गेले तरी भिंतीवरचे बटण काम करते. मात्र बऱ्याच स्मार्ट स्विचला बोर्डात न्यूट्रलची तार लागते आणि ती प्रत्येक बोर्डात आणलेली असतेच असे नाही. यासाठी परवानाधारक वायरमनला दाखवावे, स्वतः टेस्टर घेऊन बोर्ड उघडू नये. नवीन इमारतीत दोषदुरुस्तीची मुदत चालू असेल तर वायरिंगला हात लावण्यापूर्वी सोसायटीला विचारावे, म्हणजे पुढे बिघाड झाला तर "तुम्हीच बोर्ड उघडला" असे कुणी म्हणणार नाही.

स्मार्ट वस्तू बंद असतानाही वाय-फायसाठी थोडी वीज घेत राहते. एक वॅटप्रमाणे दहा वस्तूंचे दहा वॅट धरले तर चोवीस तास आणि तीस दिवसांचे ७.२ युनिट होतात. रक्कम मोठी नाही, पण दर महिन्याची आहे. जुन्या घरी होती म्हणून प्रत्येक वस्तू नव्या घरीही लावलीच पाहिजे असे नाही. पहिले आठ दिवस साध्या बटणांवर राहून पाहावे. पाणी केव्हा येते, ऊन कोणत्या खोलीत पडते, अंधारात पाय कोठे अडखळतो हे कळले म्हणजे नवे वेळापत्रक करावे. जुनी वेळापत्रके जुन्या घराच्या नळावर बेतलेली होती. ॲपमधील घराचा पत्ताही बदलावा. घरापासून दूर गेल्यावर दिवे बंद व्हावेत अशी सोय काहींनी केलेली असते. ती जुन्याच पत्त्यावरून चालत राहिली तर नव्या घरात माणसे बसलेली असताना दिवे जातात.

कॅमेरा कुठे पाहतो?

चाळीत कॅमेऱ्याचे काम गॅलरी करीत असे. दारे उघडी, शेजारीण समोर बसलेली आणि अनोळखी माणूस जिन्यावर दिसला की "कोण पाहिजे?" असा प्रश्न चार तोंडांनी यायचा. म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली तर पाण्याचा तांब्या शेजारून येई. उंच इमारतीत दारे बंद होतात. म्हणून कॅमेरा हवासा वाटतो, हे आम्ही समजू शकतो. पण गॅलरीतील मावशी आणि कॅमेरा यांत फरक आहे. मावशी पाहिलेले विसरते, कॅमेरा साठवून ठेवतो.

एका खोलीच्या घरात कॅमेरा लावला म्हणजे तो साऱ्या संसारावरच असे. नव्या घरात खोल्या आहेत, आडोसा आहे. शंभर वर्षांत प्रथमच मिळालेला हा आडोसा आपण आपल्याच हाताने गमावू नये. झोपण्याची खोली, कपडे बदलण्याची जागा आणि न्हाणीघराचे दार कॅमेऱ्यात येता कामा नये. दारावरचा कॅमेरा आपल्या उंबरठ्यापुरता असावा, समोरच्या बिऱ्हाडाच्या दारात तो डोकावू नये. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच तो सामावलेला आहे. हा हक्क शेजाऱ्याला आहे तसा आपल्या घरातील सुनेला आणि मुलीलाही आहे.

खाते कुणाच्या नावावर?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या पाहण्यातील एका घरात सारी जोडणी धाकट्या मुलाने केली होती. त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तिकडे त्याने नवा नंबर घेतला आणि जुना नंबर बंद पडू दिला. इकडे घर बदलण्याची वेळ आली. कॅमेरा खात्यातून सोडवायचा तर ओटीपी हवा आणि ओटीपी जाणार बंद पडलेल्या नंबरावर. आई, वडील, वहिनी अशी तीन कमावती माणसे घरात होती, पण घरचा कॅमेरा त्यांच्यापैकी कुणाच्याच हुकमात नव्हता. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्या अनोळखी माणसाकडे आपले ओटीपी जाऊ लागले तर काय होईल, याचाही विचार करावा.

म्हणून बिऱ्हाड हलवण्याआधीच खाते अशा नंबरावर आणावे की जो घरात कायम राहणार आहे. शक्यतो घर सांभाळणाऱ्या बाईच्या नंबरावर. बहुतेक ॲपमध्ये घरातील इतरांना सदस्य करून घेण्याची सोय असते. निदान दोन मोठ्या माणसांच्या मोबाईलवर साऱ्या वस्तू चालल्या पाहिजेत. वस्तूंना नावे द्यायची ती घरात बोलतो तीच द्यावीत. 'लाईट १, लाईट २' असे ठेवू नये. 'हॉल', 'किचन', 'आजीची खोली' असे असावे. ॲलेक्साला २०१९ पासून हिंदी समजते, त्यामुळे इंग्रजी येत नाही म्हणून कुणी मागे राहण्याचे कारण नाही. आणि जिला मोबाईल हाताळायचाच नाही, त्या आजीला भिंतीवरच्या बटणाने दिवा लागला पाहिजे, साध्या चावीने दार उघडले पाहिजे. आकड्यांचे कुलूप बसवले तरी त्याची चावी आजीच्या पिशवीत असावी. रात्री पाण्यासाठी उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला अंधारात उभे करणारे यंत्र कितीही महागाचे असले तरी त्याला आम्ही शहाणे म्हणणार नाही.

घर बदलणे नेहमी आनंदाचेच असते असे नाही. काही भगिनींना त्रास सोसून, मुलांना घेऊन वेगळे बिऱ्हाड करावे लागते. अशा वेळी बरोबर आणलेला स्पीकर, टीव्ही, कॅमेरा आणि मुलाचा टॅब जुन्याच खात्यावर चालू राहिला तर ती कोठे राहते, कोण येते-जाते, काय बोलते हे दुसऱ्याला कळू शकते. वर सांगितलेला न पुसण्याचा नियम येथे लागू नाही. अशा भगिनीने सर्व वस्तू मूळ स्थितीला न्याव्यात, नवे खाते नव्या पासवर्डाने उघडावे, वाय-फायचे नाव बदलावे आणि आपल्या मोबाईलवरील खात्यात दुसऱ्या कुणाचा मोबाईल जोडलेला नाही ना हे जाणत्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे. जिवाला धोका वाटत असेल तर वस्तूला हात लावण्याआधी सल्ला घ्यावा, कारण अचानक बंद झालेला कॅमेरा समोरच्याला सावध करतो. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्त्रीला खासगी क्षणी चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा कलम ७७ खाली आणि तिच्या मोबाईल-इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे हा कलम ७८ खाली गुन्हा आहे.

टाकाऊ वस्तूंचे काय?

बिघडलेले प्लग, जुना राऊटर आणि बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. लिथियमची बॅटरी दबली, फुटली तर पेट घेते, आणि तो कचरा हाताने वेचणारी माणसे आपल्यातलीच असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. सोसायटीतील दहा घरांनी मिळून एक खोके भरले आणि एकदम पाठवले तर कुणालाच जड जात नाही.

वाचकहो, नव्या घरात जाणाऱ्या कुटुंबांना आमचे एवढेच सांगणे आहे की घरभरणीच्या गडबडीतून एक संध्याकाळ काढा. वही समोर ठेवा, घरातील सर्व मोठ्या माणसांना, विशेषतः बायकांना, सोबत बसवा आणि प्रत्येक वस्तू कुणाच्या नंबरावर आहे ते वाचून दाखवा. मुलाने शिकवावे, आईने स्वतःच्या हाताने करून पाहावे. शेजारच्या बिऱ्हाडाला येत नसेल तर त्यांनाही बोलवावे. कॅमेरा लागेल, दिवे लागतील. पण चाळीतल्या गॅलरीतून एकमेकांकडे लक्ष ठेवण्याची जी सवय आपण घेऊन आलो आहोत तिला कोणत्याही ॲपची गरज नाही. नव्या मजल्यावर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांचे नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यावेत आणि आपला त्यांना द्यावा.